माझ्याच घराविरुद्ध माझी तक्रार

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
दुसरा मजला, चौकशीच्या खिडकीमागील केबिन.

अर्जदार: घराची अर्धी मालकीण व तळमजल्यावरील शिलाईच्या दुकानाची पूर्ण मालकीण.
सध्याचा मुक्काम: सरकारी रुग्णालय, महिला कक्ष, दारालगतची खाट.

विषय: माझ्या घरातील गरम पाण्याची टाकी, नळ व शॉवर यांत लिजिओनेला नावाचे जंतू आहेत किंवा कसे याची तपासणी माझ्याच तक्रारीवरून, व मागच्या खोलीत नवीन भाडेकरू राहायला येण्यापूर्वी, होणेबाबत.

संदर्भ: १) माझा पहिला अर्ज, जो आपल्या कार्यालयाने परत केला.
२) माझ्या भाडेकरूंच्या मुलीचा अर्ज, जो आपल्या कार्यालयाने परत केला.
३) आपल्या खिडकीवर मला मिळालेला तोंडी सल्ला, जो मी पाळला.

महोदय,

माझ्या उजव्या हाताला सलाईन लावलेले असल्याने हा अर्ज मी तोंडी सांगत असून माझ्या भाडेकरूंची मुलगी तो लिहून घेत आहे. अक्षर तिचे आहे, मजकूर माझा आहे. एखादे वाक्य मध्येच तुटलेले आढळल्यास मी तिथे खोकायला थांबले होते असे समजून पुढे वाचावे, ही विनंती.

१. मी विधवा असून शिवणकामावर माझा चरितार्थ चालतो. घर दुमजली आहे. खाली पुढे दुकान, त्यामागे माझी राहायची खोली. वर भाड्याने द्यायच्या दोन खोल्या, पुढची आणि मागची, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम. जिन्याच्या वळणावर पाणी तापवायची मोठी टाकी आहे. वरच्या दोन्ही बाथरूममध्ये, माझ्या मोरीत आणि दुकानातल्या बेसिनला तिचेच पाणी जाते. घर अर्धे माझ्या आणि अर्धे माझ्या दिरांच्या नावावर आहे. दीर दुसऱ्या गावी असतात. घरात ते फक्त फोनवरून वावरतात.

२. पूर्वी मागच्या खोलीत एक कुटुंब राहत असे. त्यांच्या लहानग्याने एकदा खेळता खेळता नळ सोडला आणि कढत पाण्याने त्याचा हात भाजला. हात बरा झाला, पण त्याच्या आईची झोप उडाली. म्हणून मी टाकीचे बटण फिरवून आच बरीच खाली आणली. पाणी कोमट येऊ लागले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे ते कुटुंब गेले. दिरांना मनाजोगा भाडेकरू मिळेना, म्हणून ती खोली कुलूप लावून पडून राहिली. तिथला नळ कोणी उघडला नाही, भिंतीतल्या नळीत पाणी तसेच उभे राहिले. उभ्या कोमट पाण्यात काही वाढते हे मला ठाऊक नव्हते. विहिरीचे पाणीही उभेच असते, अशी माझी समजूत.

३. पुढच्या खोलीत एक निवृत्त बस कंडक्टर आणि त्यांची मुलगी राहतात. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गृहस्थांना सगळी आळी कंडक्टरकाका म्हणते, मीही तेच म्हणते. ते मला ताई म्हणतात आणि मुलगी मावशी. आयुष्यभर उभे राहून काकांचे गुडघे गेले आहेत. त्यांना बादलीवर वाकता येईना, म्हणून मागच्या बाथरूममध्ये पूर्वीपासून होता तसाच शॉवर मी त्यांच्या बाथरूममध्ये बसवून दिला आणि खाली एक स्टूल ठेवले. काका त्या स्टुलावर बसून निवांत आंघोळ करीत आणि आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे खड्या आवाजात म्हणत. खाली माझ्या दुकानात काज-बटण करणाऱ्या दोघी बायका हसून म्हणायच्या, "बाजार आला, उतरा कोणी उतरणारं असेल तर." पुष्कळदा बस डेपोत पोहोचली तरी पाणी चालूच असे.

४. मग काकांचा आवाज बसला. आधी ताप आला, अंग मोडून आले, फ्ल्यू असेल म्हणून गोळ्या झाल्या. नंतर ते असंबद्ध बोलू लागले. मुलीकडे सुटे पैसे मागू लागले. श्वास घेताना त्यांचे खांदे कानांपर्यंत चढत होते. मुलगी खाली धावत आली तेव्हा माझ्या हातात कुणाचे तरी झंपर होते. ते मी मशिनवरच टाकले आणि तशीच रिक्षात बसले. रुग्णालयात काकांना सरळ ऑक्सिजन लावला.

५. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवीची तपासणी करून सांगितले की, हा साधा न्यूमोनिया नाही, लिजिओनेलाचा आहे. तो माणसापासून माणसाला होत नाही. पाणी पिऊनही सहसा होत नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे छातीत गेले की होतो. त्यांनी विचारले, "घरात शॉवर आहे? पाणी कोमट येतं? एखादी नळी बरेच दिवस बंद आहे?" त्या एकेक विचारीत गेल्या आणि मी एकेकाला हो म्हणत गेले. तिसऱ्या वेळी मी नुसती मान हलवली.

६. त्याच दिवशी मी प्लंबरला बोलावले. त्याने सांगितले की आच वाढवणे सोपे आहे, पण मागच्या बाथरूमची नळी भिंतीत मेल्यासारखी पडली आहे. ती काढायची तर भिंत फोडावी लागेल. भिंत अर्धी दिरांची आहे. दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, भिंतीला हात लावायचा नाही. आणि हे जंतूबिंतू चारचौघांत बोलू नका, घराचं नाव गेलं की परत येत नाही." मी म्हटले, भाऊजी, माणसाचा श्वास गेला तर तो येतो का? त्यावर ते म्हणाले की त्यांना दुसरा फोन येतो आहे. सरकारी आदेशाशिवाय त्यांना कोणी हलवू शकत नाही, अगदी माझे यजमानही हयात असताना हलवू शकत नव्हते. सबब मी आपल्या कार्यालयात आले.

७. खिडकीवरील गृहस्थांना मी सांगितले की माझ्या घरात लिजिओनेला आहे. खिडकीची काच जाड आहे. ते म्हणाले, "काय नेला?" मी म्हटले, लिजिओनेला. ते म्हणाले, "अहो पण कुणी नेला? चोरीचं प्रकरण पोलिसांकडे, इथे नाही." मी कागदावर लिहून काचेला लावले. त्यांनी वाचले आणि ते जरा मऊ झाले. मला बसायला सांगितले. मग त्यांनी विचारले की तक्रार कोणाविरुद्ध आहे. मी म्हटले, घरमालकिणीविरुद्ध. तक्रारदार कोण? मी म्हटले, घरमालकीण.

महोदय, त्यांचे म्हणणे मी समजू शकते. ते म्हणाले, "बाई, उद्या सुनावणी लागली तर तुम्ही कुठल्या बाजूला बसणार?" मी म्हटले, मधे बसेन, मला दोन्हीकडचे ऐकू येईल. परंतु "तक्रारदार व जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असल्याने" अर्ज परत करण्यात आला. काकांचा वैद्यकीय अहवाल आपल्याकडे आलेला आहे, तो तरी पाहावा असे मी सुचवले. त्यावर समजले की रुग्णाचा अहवाल रुग्णांच्या फायलीत जातो, घरांच्या फायलीत जात नाही, आणि या दोन फायली वेगवेगळ्या कपाटांत असतात.

८. त्यांच्याच सांगण्यावरून मी कामगार सुरक्षेच्या कार्यालयात गेले. कारण माझ्या दुकानातही धोका आहे. इस्त्रीपूर्वी कापडावर पाणी मारायची जी फवारणीची बाटली असते, ती आम्ही बेसिनच्या नळावर भरत होतो, आणि दोघी बायका दिवसभर तिचा फवारा मारीत होत्या. (बाटली मी तेव्हाच फेकून दिली. आता पाणी खळखळून उकळते, निवते, मग ओला बोळा फिरवून इस्त्री होते.) त्या कार्यालयाने फार अगत्याने ऐकून घेतले. दुकान त्यांच्या कक्षेत येते. पण टाकी दुकानात नाही, जिन्यात आहे, आणि जिना राहत्या घराचा. मी परत आपल्या खिडकीवर आले. इथे सांगण्यात आले की टाकीचे पाणी दुकानाला जात असेल तर ती धंद्याची टाकी झाली. म्हणजे टाकीपासून चार पावले खाली एक कार्यालय, चार पावले वर दुसरे, आणि टाकी आहे तिथे कोणीच नाही. पाणीपुरवठ्याचे लोक म्हणाले की त्यांचे पाणी मीटरपर्यंत त्यांचे, पुढे आमचे. प्रयोगशाळेत मी स्वतः बाटली भरून नेली. तिथल्या बाई म्हणाल्या की या जंतूची तपासणी आरोग्य विभागाच्या माणसाने घेतलेल्या नमुन्यावरच होते. बाटली मी परत घरी आणली. ती कुठे ओतावी हे मला समजेना. ती अजून झाकण घट्ट लावून जिन्याखाली आहे, तिला कोणी हात लावू नये.

९. भाडेकरूने तक्रार केली तर दखल घेता येईल, असे खिडकीवरील गृहस्थ म्हणाले होते. म्हणून मी मुलीला म्हटले, तू लिही. ती म्हणाली, "मावशी, तुमच्याविरुद्ध? आई गेली तेव्हा बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा ताट घेऊन जिना कोण चढत होतं?" मी म्हटले, ताटाचे राहू दे, तू शॉवरचे लिही. तिने लिहिले. मी न वाचता पाकीट बंद केले ही माझी चूक. अर्ज परत आला आणि त्यावर लाल शाईत शेरा होता: "तक्रारीत तक्रार आढळत नाही." तेव्हा मी वाचले. तिने लिहिले होते की घरमालकीण अतिशय मायाळू आहेत, घर स्वच्छ आहे, आणि सवड असेल तर एखादे दिवशी पाणी पाहून जावे.

(आता ती लिहिता लिहिता डोळे पुसते आहे. शाई पसरली असल्यास क्षमस्व. तिला मी रागावलेली नाही.)

१०. मग मी स्वतः मजकूर तयार केला. माझ्याविरुद्ध मी जितके कठोर लिहू शकत होते तितके लिहिले: घरमालकिणीने पाण्याची आच कमी केली, बंद नळी बंदच ठेवली, कधी पाणी वाहते केले नाही, कधी शॉवरची जाळी उतरवून साफ केली नाही, आणि एका वृद्ध माणसाला त्याखाली बसवले. खोलीचा भाडेकरार काकांच्या नावावर असल्याने त्यांची सही लागणार होती. त्यांच्या हाताला कंप होता, म्हणून मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेऊन गेले.

काका शुद्धीवर होते, तोंडावर मास्क होता. मुलीने त्यांना चष्मा लावला आणि कागद समोर धरला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिले. मी पॅड उघडला. त्यांनी अंगठा चार बोटांच्या आत मिटला आणि मूठ पांघरुणाखाली घेतली.

मी म्हटले, काका, अंगठा द्या, हे माझ्यासाठीच आहे. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पांघरुणात हात घातला, त्यांची मूठ धरली आणि एकेक बोट उलगडू लागले. ती मूठ, महोदय, ज्या माणसाला पाण्याचा पेला पेलत नव्हता त्याची, मला उघडेना. आम्ही दोघेही रडत होतो आणि मास्कच्या आत वाफ धरत होती. एवढ्यात सिस्टर आल्या. म्हाताऱ्या रुग्णाचा अंगठा जबरदस्तीने घेणारी बाई पाहून त्यांना जे वाटायचे तेच वाटले. "घर लिहून घेताय का त्यांचं?" असे त्यांनी सगळ्या कक्षासमोर विचारले. मी म्हटले, नाही हो, घर माझेच आहे. हे ऐकून त्या आणखीनच चिडल्या. मला बाहेर काढण्यात आले.

११. मी तशीच, शाईने भरलेल्या हातांनी, आपल्या खिडकीवर आले. मला वाटते माझा अवतार पाहून गृहस्थांना माझी दया आली. ते काचेच्या बाजूच्या फटीतून हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी घरच्यासारखं सांगतो. हे अर्जबिर्ज सोडा. घरी जा, सगळे नळ, सगळे शॉवर फुल सोडा, चांगलं वाहू द्या. जे काय असेल ते वाहून जाईल."

इतक्या दिवसांत काहीतरी कर असे मला सांगणारे ते पहिलेच सरकारी माणूस. मी धावतच घरी गेले. मागच्या खोलीचे कुलूप काढले. पाणी खोलीत येऊ नये म्हणून बाथरूमचे दार आतून लावून घेतले आणि शॉवर पूर्ण सोडला. आधी नळीत घरघर झाली, मग तांबडे पाणी आले, मग त्यात शेवाळासारखे काही तुकडे आले, मग पाणी स्वच्छ दिसू लागले. मी त्या पाण्याखाली उभी राहून जुन्या टूथब्रशने शॉवरची जाळी घासत होते, तोंड वर करून, कारण जाळी वर आहे. बाथरूम धुक्याने भरून गेली होती. मला वाटत होते, काका घरी येतील तेव्हा त्यांना सांगेन की आता काही भीती नाही. खूप दिवसांनी मला मोकळे वाटत होते. मी मोठमोठे श्वास घेत होते.

इथून पुढे आकडे घालू नकोस असे मी मुलीला सांगितले आहे. आकडे घातले की मला थांबावे लागते.

महोदय, मी साखरेची रुग्ण आहे. हे जंतू अशांना लवकर गाठतात असे डॉक्टरीणबाई आता सांगतात. त्या असेही म्हणाल्या की पाणी वाहते करायचे असते ते खरे, पण हळूहळू, तुषार उडू न देता, खिडक्या उघड्या ठेवून, टाकी आधी चांगली तापवून, आणि माहीतगार माणसाच्या हातून. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल. मलाही नव्हते. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार करीत नाही, कृपया हा अर्ज तसा धरू नये.

काही दिवसांनी कापड बेतताना मला थंडी वाजली. रेघ वाकडी गेली. दोघी बायकांनी हात लावून पाहिले आणि त्यांनी एकमेकींकडे पाहिले. लघवीच्या तपासणीत तेच निघाले. आता रुग्णालयात काका वरच्या मजल्यावर, मी खालच्या. सुईत दोरा ओवताना मी जन्मभर श्वास रोखत आले आहे. आता मी रोखत नाही तरी तो थांबतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मी छताकडे बघत राहते. डॉक्टरीणबाई म्हणतात की लवकर आलात, औषध लागू पडते आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण रोज सकाळी शेजारच्या एखाद्या खाटेवरचे माणूस बदललेले असते, तेव्हा माझा धीर सुटतो.

आणि मला स्वतःच्या मरणाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती आहे. मी इथे पडल्याचे कळल्यावर माझ्या दिरांनी एजंटाला सांगून मागची खोली दाखवायला सुरुवात केली आहे. परवा एक तरुण जोडपे आले होते, सोबत त्यांची आई. त्या आईला दमा आहे. आईंना जिना चढून धाप लागली तेव्हा एजंट म्हणाला, "आजी, इथे शॉवरची सोय आहे, बसून आंघोळ करता येईल, स्टूलसुद्धा मिळेल." हे त्याने माझ्या दुकानातल्या बायकांच्या देखत सांगितले. त्यातली एक धीर करून बोलली की वरचे पाणी चांगले नाही. एजंट हसून म्हणाला, "मालकीणबाई जरा आजारी आहेत, त्यामुळे सगळ्यांनाच तसं वाटतंय." जोडप्याला खोली पसंत पडली आहे. येत्या आठवड्यात ते सामान आणणार आहेत.

मी दिरांना इथून फोन केला. मला सलग बोलता येत नव्हते. मी म्हटले, भाऊजी, त्या बाईंना दमा आहे. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही विश्रांती घ्या." मी म्हटले, मी पाया पडते. ते म्हणाले, "असं काय बोलता, मोठ्या आहात तुम्ही." एवढे आदराने बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते फोन उचलत नाहीत.

आता माझे म्हणणे ऐकावे. पहिला अर्ज परत करताना तक्रारदार व घरमालकीण एकच असल्याची अडचण होती. ती आता दूर झाली आहे. मी आता घरमालकीण म्हणून लिहीत नसून, त्या घरात राहून आजारी पडलेली रुग्ण म्हणून लिहीत आहे. माझा अहवाल रुग्णांच्या फायलीत पोहोचला असेल. तो कृपया स्वतःच्या हाताने त्या कपाटातून काढावा आणि घरांच्या कपाटात ठेवावा. घरमालकिणीची बाजू ऐकून घेणे आवश्यक असल्यास, मी ती विचारून घेतली आहे: तिला काही सांगायचे नाही. जो काही दंड, शिक्षा, नोटीस असेल ती तिला मान्य आहे. तिच्या नावाची पाटी दारावरून उतरवायची असेल तर उतरवावी. पण माणूस पाठवा.

माझे मागणे मोठे नाही. एक, टाकीचे, दोन्ही शॉवरचे आणि बेसिनचे पाणी तपासून घ्यावे. दुसरे, तपासणी होईपर्यंत मागची खोली कोणाला देऊ नये असा कागद दारावर डकवावा. माझ्या सांगण्याला किंमत नाही, आपल्या शिक्क्याला आहे. तिसरे, नळी काढण्यासाठी भिंत फोडण्याचा आदेश माझ्या व दिरांच्या, दोघांच्याही नावे काढावा. माझे नाव वर लिहावे म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. आणि यातले काहीच नियमात बसत नसेल, तर निदान काकांनी उद्या घरी जावे की जाऊ नये, एवढे एकच वाक्य कोणीतरी सही करून लिहून द्यावे. त्यांना उद्या सोडणार आहेत. त्यांना दुसरे घर नाही. मुलीने माझ्या कटिंगच्या टेबलावर त्यांचे अंथरूण घालायचे ठरवले आहे आणि अंग पुसायला पाणी शेगडीवर उकळून घेणार आहे. आजारातून उठलेल्या माणसाने कापडाच्या चिंध्यांत झोपावे आणि वर त्यांची खोली रिकामी राहावी, याला मी काय म्हणू?

मागच्या खोलीला एकच किल्ली आहे. एजंट ती दुकानातून नेऊन परत आणून ठेवतो. काल दुकानातल्या बाईने ती माझ्याकडे आणून दिली. ती मी या अर्जासोबत आपल्याकडे पाठवीत आहे. किल्ली माझ्याकडे राहिली तर दीर ती मागून घेतील आणि मी देईन. मोठ्यांदा नाही म्हणायची मला सवय नाही. आपल्या कार्यालयात एकदा गेलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही असा माझा अनुभव आहे. या एका बाबतीत तसेच व्हावे.

हा अर्ज एवढा लिहून झाल्यावर काकांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणण्यात आले. आता त्यांना मास्क नाही. मुलीने त्यांना सगळे वाचून दाखवले. अंगठ्याचा भाग ती गाळणार होती, मी गाळू दिला नाही. ऐकून त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. मग आपल्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "ताईंच्या विरुद्ध मी नाहीच देणार. पण ताईंना या घराच्या पाण्याने आजारी पाडलं, ही माझी तक्रार आहे. तशी लिही, सही मी करतो." त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे आणि खाली त्यांची सही आहे. हात अजून कापतो म्हणून ती बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. पण ती त्यांनी स्वखुशीने केली असून सिस्टर साक्षीला उभ्या होत्या, त्याच सिस्टर. आता भाडेकरूची तक्रार झाली, रुग्णाची झाली, आणि मालकिणीची हरकत नाही. यापलीकडे आणखी कोण आजारी पडायला हवे ते कळवावे.

शेवटी, आपण ज्या माणसाला पाठवाल त्याला माझा एवढा निरोप द्यावा. मागच्या बाथरूमचे दार उघडल्याबरोबर आत शिरू नये; आधी खोलीच्या खिडक्या सताड उघडाव्यात. शॉवर मुळीच सोडू नये. नळ अगदी हळू फिरवून धार बाटलीच्या तोंडातच घ्यावी, उडू देऊ नये. नाकातोंडावर डॉक्टरांचा घट्ट मास्क असावा, नुसता रुमाल नको. वयस्कर माणूस, दमेकरी किंवा साखरेचा रुग्ण यांपैकी कोणाला पाठवू नये. आणि कृपा करून आपल्या खिडकीवरच्या गृहस्थांना पाठवू नये. ते फार सिगारेट ओढतात, काचेतूनही वास येतो, आणि बोलताना मध्येच खोकतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, अशांच्या छातीत हे लगेच घर करते. त्यांच्या घरी कोण असते ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी त्यांची वाट कोणीतरी बघत असेलच.

दोन्ही बाजूंनी आपलीच नम्र,

(सही, डाव्या हाताने)
घरमालकीण तथा रुग्ण

(सही)
वरच्या पुढच्या खोलीचे भाडेकरू, निवृत्त कंडक्टर

दिनांक: काकांना घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी, दुपार.

सोबत:
१) दोन्ही रुग्णांच्या तपासणी अहवालांच्या प्रती.
२) परत आलेले दोन्ही अर्ज, लाल शेऱ्यासह.
३) मागच्या खोलीची किल्ली. पाकिटातून पडू नये म्हणून कापडी पिशवीत घालून वरून शिवली आहे. टाके मुलीचे असल्याने जरा मोठे आहेत, कात्रीने सहज उसवतील.